वाफेची सिगारेट

जी वस्तू उघडता येत नाही ती विकत घ्यायची नाही, हा उल्हासचा आयुष्यभराचा नियम. मिक्सर घ्यायला गेलो तर दुकानातच तो उलटा करून खालचे स्क्रू बघायचा. अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरीच्या घरातला डिशवॉशर त्यानं इतक्या वेळा खोलून पुन्हा जोडला होता, की त्या दोघांचं काहीतरी खाजगी नातं असावं असं मला वाटायचं. मी म्हणायचे, बरं झालं बाबा, मला बघायला आलास तेव्हा तुझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर नव्हता. यावर तो हसायचा, हसला की खोकायचा, आणि खोकला थांबला की गॅरेजमध्ये जाऊन सिगारेट ओढायचा.

त्याची नोकरी सांगितली तर लोकांना गंमत वाटते. कारखान्यात लोखंड कापताना यंत्रावर तेल सोडतात, आणि त्या तेलाचं बारीक धुकं हवेत उडतं. ते कामगारांच्या छातीत जाऊ नये म्हणून यंत्रावर फिल्टर बसवतात. उल्हासनं उभा जन्म ते फिल्टर डिझाइन केले. दिवसभर दुसऱ्यांच्या छातीची काळजी वाहायची आणि संध्याकाळी घरी येऊन गॅरेजमध्ये स्वतःची जाळायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी भांडले, अबोला धरला, एकदा लेकीला, सईला, घेऊन माहेरी निघून जाण्याची धमकीही दिली. पण मिनेसोटाहून माहेर इतकं लांब, की त्या धमकीला मीच हसले.

२००८च्या सप्टेंबरात त्याच्या उजव्या फुप्फुसात गाठ दिसली.

सर्जन बाई होती, उंच, हळू बोलणारी. ती म्हणाली, गाठ लहान आहे, पसरलेली नाही, कापून काढता येईल आणि नशीब असेल तर विषय तिथंच संपेल. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात तिनं पुढचं सांगितलं. इतक्या वर्षांच्या सिगारेटीनं बाकीचं फुप्फुस काठावर आलं आहे. ऑपरेशन नोव्हेंबरच्या मध्यावर करू. तोवर एकही सिगारेट नाही, आणि त्या आठवड्यात फुप्फुसाची ताकद मोजणारी, फुंकर मारायची चाचणी घेऊ. आकडा वर आला तर ऑपरेशन, नाही आला तर नाही. काठावरच्या माणसाला मी टेबलावर घेत नाही, म्हणाली. बोलताना तिनं उल्हासच्या हातावर हात ठेवला होता, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

तिनं लिहून दिलेल्या निकोटीनच्या पट्ट्यांनी त्याच्या दंडावर पुरळ उठलं. च्युइंगगम त्याच्या दातांच्या ब्रिजला चिकटून बसलं आणि ब्रिजच हातात आला. शेंगदाणे, लवंग, बडीशेप, सगळं झालं. खरी अडचण तोंडाची नव्हतीच, हाताची होती. जेवण झालं की त्याचा उजवा हात आपोआप खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. एका दुपारी मी गॅरेजचं दार उघडलं तर तो गाडीत बसला होता, काचा वर, आत धूर. मला बघून त्यानं सिगारेट विझवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. "मला जमत नाहीये आसावरी," म्हणाला. "मला जगायचंय आणि हे जमत नाहीये." मी बाजूच्या सीटवर बसून राहिले. ओरडायला आले होते.

सईनं उपाय सुचवला. ती कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला असते. तिच्या ऑफिसमधल्या कोणीतरी चीनहून बॅटरीवर चालणारी सिगारेट आणली होती.

"आई, त्यात काही जळतच नाही," ती फोनवर म्हणाली. "नो टार, नो स्मोक. जस्ट व्हेपर. आता तुमच्याकडे पण मॉलमध्ये मिळत असेल, चेक करा ना. प्लीज, बाबांना यातलं काहीतरी ट्राय करू दे."

शनिवारी आम्ही ब्लूमिंग्टनच्या मोठ्या मॉलमध्ये गेलो. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याच्या शेजारी, एक काचेचा गाळा होता. त्यात साधारण आमच्याच वयाची एक बाई बसली होती. इंग्रजी रशियन वळणाचं, नखं लाल. तिनं आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "दोघांपैकी कोण ओढतं?"

"हा," मी म्हणाले.

"किती वर्षं?"

"लग्नाआधीपासून."

तिनं मान हलवली आणि काचेवर तीन डबे मांडले. पहिली अगदी सिगारेटसारखी, बारीक, पांढरी, ओढली की टोकाला लाल दिवा लागणारी. आतला द्रव भरूनच येतो, तोंड चिकटवून बंद केलेलं, संपलं की ती नळी फेकून द्यायची आणि नवी लावायची. दुसरी काळी, जाडजूड, शाईच्या पेनासारखी. तिचे तीन तुकडे होतात. खाली बॅटरी, मध्ये तापणारी तार, आणि वर तोंडात धरायची नळी. त्या नळीत कापसासारखा बोळा असतो, तो बाटलीतल्या द्रवात भिजवायचा, तार तापली की त्याची वाफ होते. तिसरी पाइपच्या आकाराची होती. उल्हासनं ती तोंडात धरून पाहिली आणि मी म्हणाले की ही घेतलीस तर मी तुझ्याबरोबर कुठं येणार नाही.

"नवीन माणसाला मी ही देते," बाईनं बारीक पांढरी पुढे केली. "यात चुकण्यासारखं काही नाही. ओढायची, संपली की फेकायची."

मलाही तीच आवडली होती. हातात सिगारेटच वाटेल, त्याचा हात शांत होईल. मी पर्स उघडायला लागले.

"उघडता येते का?" उल्हासनं विचारलं.

"उघडायची कशाला?"

"बिघडली तर?"

"बिघडली तर नवी घ्या."

बाईनं शिवी दिली असावी असा त्याचा चेहरा झाला. त्यानं पेनासारखी उचलली, फिरवून तीन तुकडे केले, तार डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, फुंकली, पुन्हा जोडली. कित्येक दिवसांनी त्याच्या बोटांना काम मिळालं होतं. तारेचा रोध किती, बॅटरी किती तास चालते, असले प्रश्न त्यानं सुरू केले आणि मी ओळखलं, आता ब्रह्मदेव आला तरी पांढरी घरी येत नाही.

बाईनंही हार मानली. पण तिनं त्याला नीट शिकवलं, तिचा काहीच दोष नाही. सिगारेटसारखी जोरात ओढू नका, सावकाश आणि लांब ओढा. लागोपाठ ओढलीत तर तार जळेल. एक बॅटरी चार्जिंगला, एक हातात. निकोटीन आधी कडक घ्या, मग मध्यम, मग हलकं, शेवटी शून्य. घाई केलीत तर पुन्हा सिगारेटकडे जाल. आणि पिशवी हातात देताना ती बाटलीवर नख वाजवून म्हणाली, "त्या बोळ्यात फक्त हे. दुसरं काही घालायचं नाही. काही म्हणजे काही नाही."

उल्हासनं मान डोलावली. इंजिनियर मान डोलावतो तेव्हा त्याला पटलेलं असतं असं नाही, फक्त समजलेलं असतं.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही, आणि तेच मला आता सर्वांत जास्त छळतात. सिगारेट खरंच सुटली. एकही नाही. गॅरेजमधला राखेचा डबा त्यानं स्वतः नेऊन कचऱ्यात टाकला. वाफेला वास नव्हता, पडद्यांना काही चिकटत नव्हतं, त्यामुळे मी त्याला घरात ओढायची परवानगी दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण संध्याकाळी जेवणानंतर तो माझ्याजवळ सोफ्यावर बसलाय असं कधी झालं नव्हतं. मी आत टीव्हीसमोर आणि तो गॅरेजमध्ये, हाच आमचा संसार. आता तो शेजारी बसायचा, सावकाश वाफ सोडायचा, मालिकेतल्या माणसांना नावं ठेवायचा. एकदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलासुद्धा. म्हातारपणी मला नवरा घरात मिळाला होता.

ऑक्टोबरच्या तपासणीत आकडा वर आला. फार नाही, पण आला. नर्स खूष झाली. ते यंत्र आम्ही तिला दाखवलं. तिनं असलं काही पाहिलं नव्हतं, पण जळत नाही ना, मग सिगारेटपेक्षा बरंच, असं ती म्हणाली. फक्त ऑपरेशनच्या आधी निकोटीन शून्यावर आणा, एवढं बजावलं. उल्हास गाडीत बसल्यावर शीळ घालत होता.

शून्याचीच पंचाईत झाली. निकोटीन नसलेला द्रव त्याला पाणचट लागायचा. "घशाला काही लागतच नाही गं," तो म्हणायचा. "नुसती गोड हवा." हात पुन्हा अस्वस्थ व्हायला लागले. मला पुन्हा गॅरेजच्या दाराचा आवाज ऐकू येईल की काय अशी भीती वाटायला लागली.

इथं मीनाक्षीताई आल्या. म्हणजे फोनवर आल्या. त्या सांगलीला असतात.

उल्हासची आई तो लहान असतानाच गेली. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठ्या, त्यांनीच त्याला वाढवलं. त्याची छाती लहानपणापासून नाजूक. थंडी पडली की ताई चुलीवर पाणी उकळायच्या, पातेल्यात औषधी तेलाचे थेंब टाकायच्या आणि भावाला घेऊन चादरीखाली बसायच्या. त्याला एकट्याला अंधाराची भीती वाटायची म्हणून त्याही बसायच्या, घामानं निथळत, तोंडानं रामरक्षा म्हणत. ही गोष्ट त्यानं मला लग्न ठरल्यावर पहिल्या भेटीत सांगितली होती. म्हणून इतकी वर्षं दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या रविवारी संध्याकाळी, सांगलीला फोन गेल्याशिवाय आमच्याकडे चहा होत नाही. आणि म्हणून मी, जी अमेरिकेतल्या पहिल्याच थंडीत त्याला अरे-तुरे करायला लागले, ती वन्संशी बोलताना अजूनही त्याला 'हे' म्हणते.

"वाफेची सिगारेट म्हणजे रे काय?" त्या रविवारी ताईंनी विचारलं. फोन स्पीकरवर होता.

उल्हासनं समजावून सांगितलं. बोळा, तार, वाफ.

"म्हणजे वाफाराच की," ताई म्हणाल्या. "मग तो गोड पाक कशाला ओढतोस? औषधी घे. आपल्या वैद्यांचं तेल आहे माझ्याकडे, तुझ्या लहानपणी घालत होते तेच. छाती कशी मोकळी होईल बघ ऑपरेशनआधी."

उल्हास माझ्याकडे बघून हसला. मला ते हसू ओळखीचं होतं. यंत्रात एखादी सुधारणा सुचली की तो असाच हसायचा.

तेल आलं ते आपल्या लोकांच्या रीतीनं आलं. ताईंच्या शेजारणीचा मुलगा प्रथमेश इकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, नोकरीवर परत निघाला होता. त्यानं सामानातून आणलं आणि तिथून आम्हाला पोस्टानं पाठवलं. मराठी वर्तमानपत्र, त्याखाली प्लास्टिकच्या तीन पिशव्या, त्याखाली ताईंच्या जुन्या साडीचा तुकडा आणि त्यात बाटली. बाटली उघडली आणि स्वयंपाकघरात निलगिरी, ओवा आणि कापराचा वास भरला. उल्हासनं डोळे मिटले. तो सहासष्ट वर्षांचा माणूस क्षणभर चादरीखाली बसला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"ती बाई काय म्हणाली होती?" मी विचारलं. "दुसरं काही घालायचं नाही म्हणून."

"अगं, तिला वाफारा काय माहीत?" त्यानं बोळा चिमट्यानं बाहेर काढला, पुसला, वाळवला, तेलात भिजवला आणि परत बसवला. इतक्या हलक्या हातानं, की घड्याळ दुरुस्त करतोय असं वाटावं. पांढरी घेतली असती तर तिचं तोंड उघडलंच नसतं.

पहिल्या दिवशी त्याला स्वर्ग मिळाला. घशाला लागत होतं, नाक उघडलं, छातीत थंडावा गेला. तो सिगारेटचं नावच विसरला. मग खोकला सुरू झाला. आमच्यात खोकल्याला कोण घाबरतं? सुका खोकला वाईट, ओला चांगला. कफ सुटतोय म्हणजे औषध लागू पडतंय. उल्हास रुमालात बघून समाधानानं मान हलवायचा. रविवारी तो फोनवर खोकला तर सांगलीहून ताई म्हणाल्या, "सुटू दे, सुटू दे. वर्षानुवर्षांचं साठलेलं आहे, सुटलंच पाहिजे." आणि त्यानं वाफ वाढवली. नोव्हेंबर लागला तेव्हा त्याला संध्याकाळी कणकण यायला लागली. जिना चढताना तो मध्येच थांबायचा आणि भिंतीवरच्या फोटोंकडे बघितल्यासारखं करायचा. मी डॉक्टरांना फोन करते म्हटलं तर म्हणाला, "चाचणी पुढच्या आठवड्यात आहेच की. कफ निघून जाऊ दे, आकडा बघ कसा येतो."

आकडा आला तो नर्सनं दोनदा तपासला. त्यांनी लगेच स्कॅन काढला, आणि दुपारी सर्जन बाई स्वतः खोलीत आली. तिनं पडद्यावर चित्र लावलं. उजवीकडची गाठ होती तिथंच, तेवढीच, बिचारी. पण दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात पांढरे ढग पसरले होते, सप्टेंबरात ते नव्हते.

तिनं खूप प्रश्न विचारले. घरात रंग दिलात का, पक्षी पाळलेत का, कुठं प्रवास केलात का. मग म्हणाली, "हे तेलासारखं दिसतंय. नाकात तेल घालता का तुम्ही? कुठलंही तेल तुमच्या श्वासात जातं का?"

उल्हासनं खिशातून ते काळं पेन काढलं. त्याचे तीन तुकडे केले आणि तिच्यासमोर टेबलावर ओळीनं ठेवले. बोळा पिवळा झाला होता. खोलीत कापराचा वास आला.

मी त्याच्याकडे बघत होते, म्हणून मला तो क्षण दिसला. बाईनं काही समजावायच्या आधीच त्याला कळलं. त्याचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग पांढरा पडला.

"पातेल्यात तेल पातेल्यातच राहतं," तो मराठीत म्हणाला, मला. "पाण्यावर तरंगत राहतं. वर येतो तो फक्त वास. इथं तार आहे आसावरी. तार तेलच उडवते." मग म्हणाला, "ऑइल मिस्ट. तेलाचं धुकं. मी जन्मभर हेच अडवलं गं. दुसऱ्यांच्या छातीत जाऊ नये म्हणून."

सर्जन बाई विचारत होती, काय म्हणताहेत ते. मी त्या पिवळ्या बोळ्याकडे बोट दाखवलं.

ज्यानं हजारो कामगारांच्या नाकापुढे जाळी बसवली, त्याला हे कसं कळलं नाही, असं सई फोनवर पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "ही न्यू दिस, आई. बाबांना हे माहीत होतं." मी तिला काय सांगणार? तेल कोणा अमेरिकन दुकानातून आलं असतं तर त्यानं त्याचा घट्टपणा मोजला असता, उकळबिंदू काढला असता. ते ताईच्या साडीत गुंडाळून आलं होतं. ताईच्या हातून आलेल्या गोष्टीला त्यानं आयुष्यात कधी प्रश्न विचारला नाही.

ऑपरेशन पुढे ढकललं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, तोंड सुजलं, झोप गेली. ताप उतरला. ढग थोडे विरळ झाले, पण गेले नाहीत. फुप्फुसातलं तेल असं सहज निघत नाही, ते तिथं घर करतं आणि भोवतालचं सगळं कडक करतं. डिसेंबरात आकडा घ्यायला गेलो, सप्टेंबरपेक्षाही खाली. ख्रिसमसनंतर पुन्हा गेलो, तोच. या सगळ्यात गाठ मात्र कोणाची वाट बघत थांबली नव्हती. नव्या स्कॅनमध्ये ती मोठी झाली होती आणि छातीच्या मधल्या ग्रंथींत तिची पिल्लं दिसत होती.

"आता ऑपरेशनचा उपयोग नाही," सर्जन बाई म्हणाली. "आणि मी ते केलं तरी तुम्ही त्यातून उठणार नाही." या वेळी तिनं हात हातावर ठेवला नाही. तिनं खुर्ची ओढली आणि आमच्यासमोर बसली, मला वाटतं तिलाही वाईट वाटत होतं. औषधं आहेत, ती म्हणाली, त्रास कमी करता येईल.

उल्हासनं एकच विचारलं. नोव्हेंबरात, ते ढग नसते, तर?

ती खोटं बोलू शकली असती. "नोव्हेंबरात मी ते काढलं असतं," म्हणाली.

घरी येताना गाडी मी चालवली. मला राग आला होता. इतका राग, की हिरवा दिवा लागला तरी मी उभी होते आणि मागचे हॉर्न वाजवत होते. उल्हासवर राग होता, त्याच्या त्या उघडण्याच्या खोडीवर होता. पण खरा राग सांगलीच्या बाईवर होता. हजारो मैलांवर बसून, काही न विचारता, न वाचता, माझ्या नवऱ्याच्या छातीत तेल ओतणारी बाई. तिनं त्याला वाढवलं, मान्य. पण माझ्या सोफ्यावर तो जेमतेम महिनाभर बसला होता. माझा एक महिना आणि तिचा सगळा जन्म, आणि तरी शेवटचा शब्द तिचाच. गाडी गॅरेजमध्ये लावेपर्यंत माझं वाक्य तयार झालं होतं. 'वन्सं, तुमच्या तेलानं ह्यांचं ऑपरेशन गेलं.' एवढंच. पुढं काही बोलायची गरज नव्हती.

उल्हासनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

"ताईला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"का नाही? तिला कळू दे."

"कळून काय होणार?"

"मला बरं वाटेल."

"नाही वाटणार," तो म्हणाला. मग धाप लागली म्हणून तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "तिचे किती दिवस राहिलेत आसावरी. ते तिला सुखानं काढू दे."

"आणि तुझे? माझे?"

मी त्याचे बूट काढले, कारण आता त्याला वाकता येत नाही.

एक सांगायला हवं. सिगारेट त्यानं पुन्हा ओढली नाही. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, ओढ आता, कोणासाठी थांबलायस? तो म्हणाला, इच्छाच होत नाही. इतकी वर्षं ज्यासाठी मी देव पाण्यात बुडवून ठेवले होते ते मला मिळालं, आणि ते असं मिळालं.

परवाच्या रविवारी नेहमीसारखा फोन लावला. बाहेर बर्फ इतकं साचलं होतं की खिडकीची खालची काच दिसत नव्हती. उल्हास सोफ्यावर, नाकाला ऑक्सिजनची नळी. त्यानं यंत्र बंद करायला खूण केली, घरघर ताईला ऐकू जाईल म्हणून. मी बंद केलं.

"ऑपरेशन कधी रे?" ताईंचा आवाज.

"पुढे ढकललंय ताई. इथं थंडी फार आहे. उन्हाळ्यात करू म्हणतात."

"बरंय की. घाई नको. वाफ घेतोस ना?"

"घेतो."

"फरक आहे?"

"आहे. खूप फरक आहे." त्यानं रिसीव्हर लांब धरला, उशी तोंडावर दाबली, खोकला आणि परत कानाला लावला. "छाती अगदी मोकळी."

"मी म्हटलं नव्हतं?" त्यांचा आवाज असा फुलला, की सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मला ऐकू आला. "संपलं असेल ते. अजून दोन बाटल्या भरून घेतल्यात वैद्यांकडून. कोणी येणारं सापडलं की पाठवते. आसावरीला दे जरा."

त्यानं रिसीव्हर माझ्यापुढे धरला. नुसता माझ्याकडे बघत राहिला. ओठ निळे पडायला लागले होते. यंत्र सुरू करायला हवं होतं आणि फोन संपल्याशिवाय तो करू देणार नव्हता.

"आसावरी, अगं तो आळशी आहे लहानपणापासून," ताई म्हणत होत्या. "बरं वाटलं की औषध सोडतो. तू लक्ष ठेव. घेतो ना नेमानं? खरं सांग हं मला."

माझं वाक्य तयार होतं. इतके दिवस मी ते भांडी घासताना म्हणत होते, बर्फ उपसताना म्हणत होते.

"हो वन्सं," मी म्हणाले. "रोज घेतात हे. तुमच्या तेलानंच तर बरं वाटतंय त्यांना."